‘नॅव्हिगेशनमध्ये दोनदा नापास’ या रिव्ह्यूला क्लासचे उत्तर

नमस्कार.

आपण एक तारा दिलात आणि कारणेही लिहिलीत. वैमानिक परवान्याच्या परीक्षेत मुलगा मेटिऑरॉलॉजी (हवामान) आणि रेग्युलेशन्स (नियम) पहिल्याच खेपेला पास झाला, पण नॅव्हिगेशनमध्ये आधी 61 आणि मग 64 वर अडकला; पास व्हायला 70 लागतात. क्लासने रिकॉल प्रश्नसंच (आधीच्या परीक्षांतले आठवून लिहिलेले प्रश्न) दिला नाही. ‘फोनवर दोन सेकंदांत होणारी गणिते’ पंधरा दिवस चकतीवर (हाताने फिरवायच्या नॅव्हिगेशन कॉम्प्युटरवर) करून घेतली. रेग्युलेशन्सच्या नोट्स जुन्या होत्या, कॉम्प्युटर नंबरला (परीक्षेच्या नोंदणी क्रमांकाला) उशीर झाला आणि आता फी परत हवी, असे आपले म्हणणे आहे.

नोट्सबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 लागू झाला आणि 1934 चा एअरक्राफ्ट ॲक्ट गेला. आपल्या मुलाच्या हाती पडलेल्या प्रतीत मात्र पहिल्या प्रकरणात 1934 च छापलेले होते. ती चूक आमची. सुधारलेली पाने ऑफिसात ठेवली आहेत, जुनी प्रत आणून बदलून घ्यावी.

कॉम्प्युटर नंबर डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) देते, क्लास नाही. उशिराचे नेहमीचे कारण म्हणजे नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांचे नाव गाळलेले. अर्ज भरण्याआधी हे जुळवून घेतले तर बराच वेळ वाचतो. प्रवेशाच्या दिवशीच हे सांगायला हवे होते, हे मान्य.

आता चकती. परीक्षेच्या हॉलमध्ये फोन नेता येत नाही, म्हणून सीआरपी-5 (हीच ती चकती) हाताखाली असावी लागते, हे झाले साधे कारण. खरे दुखणे वेगळे आहे. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकन पद्धतीने शिकवतात. त्यात वाऱ्याची खूण केंद्राच्या वर करतात, इंडेक्सखाली (वरच्या स्थिर खुणेखाली) ट्रॅक (जमिनीवरचा मार्ग) लावतात आणि खूण टीएएसच्या (हवेतल्या खऱ्या वेगाच्या) कमानीवर आणून ग्राउंडस्पीड (जमिनीच्या संदर्भातला वेग) केंद्रापाशी वाचतात. सीआरपी-5 वर आम्ही खूण केंद्राच्या खाली करतो, केंद्राखाली टीएएस आणि इंडेक्सला हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) लावतो, आणि ग्राउंडस्पीड खुणेपाशी वाचतो. दोन्ही पद्धती बरोबर. पण घरी एक आणि वर्गात दुसरी केली की मुले खूण वर करतात आणि वाचन खालच्या पद्धतीने करतात. मग समोरचा वारा पाठीमागचा होतो आणि ड्रिफ्ट (वाऱ्याने बाजूला सरकणे) उलट्या बाजूला जातो. उत्तर चुकतेच, वर ते पर्यायांत सापडतेही, त्यामुळे संशय येत नाही. आपल्या मुलाच्या सराव पेपरांच्या कच्च्या कागदांवर खूण कधी वर आहे, कधी खाली. पंधरा दिवस त्यासाठीच होते. तरी ते पुरले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाचे कच्चे कागद वेगळे तपासायला हवे होते.

सहा मार्क कुठे जातात ते आपल्यालाही दिसावे म्हणून दोन गणिते देतो.

पुणे विमानतळाची उंची 1942 फूट, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) 1003, तापमान 38 अंश. डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या घनतेनुसार धरलेली उंची) किती? क्यूएनएच 1013 पेक्षा 10 हेक्टोपास्कलने कमी आहे. दर हेक्टोपास्कलला 30 फूट धरले तर 300 फूट मिळवायचे, प्रेशर अल्टिट्यूड (1013 या प्रमाण दाबानुसार उंची) 2242. तिथले आयएसए (प्रमाण वातावरणाचे) तापमान 15 वजा 4.5, म्हणजे 10.5. फरक 27.5 अंश, दर अंशाला 120 फूट, म्हणजे 3300. उत्तर साधारण 5540 फूट. आता घसरण पाहा. ‘क्यूएनएच कमी, म्हणून उंची कमी’ असे समजून 300 वजा केले की पुढचे सगळे बिघडते. आणि तापमानाचा फरक थेट 15 मधून काढला, तर 23 गुणिले 120, उत्तर 5000 च्या आसपास. ही दोन्ही चुकीची उत्तरे पर्यायांत हटकून असतात.

दुसरे पीएनआरचे, म्हणजे ज्याच्या पुढे गेल्यास परत येण्याइतके इंधन उरत नाही त्या बिंदूचे. टीएएस 120 नॉट, जाताना समोरून 20 नॉट वारा. जाताना ग्राउंडस्पीड 100, येताना 140. इंधन 5 तास 45 मिनिटांचे, त्यातले 45 मिनिटांचे राखीव. राखीव आधी बाजूला काढायचे, उरले 5 तास. 5 गुणिले 140 भागिले 240, म्हणजे 2 तास 55 मिनिटे, अंतर सुमारे 292 सागरी मैल. राखीव वजा करायला विसरलात तर 335 येते. वारा नसता तर उत्तर 300 असते. वारा समोरचा असो वा मागचा, पीएनआर जवळच येतो. म्हणजे 300 च्या वरचा पर्याय एकही आकडेमोड न करता खोडता येतो. हे मुलाला सांगितले होते, पण सराव पेपरात त्याने 335 वर खूण केली आहे.

मॅग्नेटिक व्हेरिएशनची (खरी उत्तर दिशा आणि होकायंत्राची उत्तर दिशा यांतल्या फरकाची) चूक आपल्याकडे उशिरा कळते. भारतात व्हेरिएशन इतके थोडे असते की चिन्ह उलटे धरले तरी एखाद-दोन अंशांचाच फरक पडतो. पेपरात मात्र 12 वेस्ट देतात. ट्रू ट्रॅक 085 असेल तर मॅग्नेटिक 097. उलटे केले की 073, म्हणजे थेट 24 अंशांचा घोटाळा. मेटारमधला (विमानतळाच्या हवामान अहवालातला) वारा ट्रू असतो, टॉवर सांगतो तो मॅग्नेटिक. रनवेवरच्या क्रॉसविंडच्या गणितात याचाच गोंधळ होतो.

रिकॉल संच आम्ही देत नाही आणि देणारही नाही. रेग्युलेशन्समध्ये पाठांतराने बऱ्यापैकी भागते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. ट्रान्सपाँडरचा (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राचा) कोड 7600 कशासाठी, याला दुसरे उत्तर नसते. नॅव्हिगेशनमध्ये क्यूएनएच 1003 चे 1023 झाले की पाठ केलेले उत्तर फसते. शिवाय हे संच परीक्षा देऊन आलेल्यांच्या आठवणीतून तयार होतात. प्रश्नातले एकक चुकीचे उतरले तर ‘उत्तर’ही चुकीचेच फिरत राहते. आपल्या मुलाने दुसऱ्या खेपेआधी असाच एक संच बाहेरून मिळवला होता, हे आपणच लिहिले आहे. त्याने तीन मार्क वाढले.

फीचे असे आहे. टेक्निकल स्पेसिफिकचे (ठरावीक विमानाच्या तांत्रिक माहितीच्या विषयाचे) वर्ग अजून सुरू झालेले नाहीत, तेवढी रक्कम परत मागता येईल. अर्ज दिल्यापासून सात दिवसांत खात्यात जमा होईल. शिकवून झालेल्या विषयांची फी परत होणार नाही. नॅव्हिगेशनच्या पुढच्या बॅचला मुलगा विनाशुल्क बसू शकतो. पास झालेले विषय निकालाची मुदत असेपर्यंत पुन्हा द्यावे लागत नाहीत, त्यामुळे सगळा वेळ याच पेपरला देता येईल.

येताना त्याने पावत्या नाही आणल्या तरी चालेल, पण घरी केलेल्या सरावाचे कच्चे कागद आणावेत, खाडाखोडीसकट. त्यावरच्या चुकांचे आम्ही तीन गठ्ठे करू: चिन्हाच्या, एककाच्या आणि सूत्राच्या. पहिले दोन गठ्ठे जाड निघाले, तर सूत्रे पुन्हा शिकवण्यात त्याचा वेळ घालवणार नाही. शनिवारी सकाळी 10 नंतर ऑफिस उघडे असते.

संचालक, ग्राउंड क्लास, पुणे