राक्षसाचं आडनाव

रविवारी आमचा संघ दहा गुणांनी हरला, आणि ते दहा गुण माझे होते. हे मी आतापर्यंत पाच वेळा सांगितलंय असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे.

ओळखीतल्या एकांकडे वाढदिवस होता. गाणी संपली, गप्पा आटल्या, म्हणून प्रश्नमंजुषा निघाली. साहित्य, इतिहास, प्राणी, शब्द आणि नृत्य, म्हणजे ज्यातलं मला थोडंथोडं येतं आणि इतरांना येऊ नये असं मनापासून वाटतं, असे विषय. प्रश्न विचारायला यजमानांचा भाचा. आणि वेळ मोजायला काका. कुणाचे काका ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या मनगटावर सेकंदकाटा असलेलं घड्याळ होतं, तेवढ्या पात्रतेवर नेमणूक झाली होती.

सुरुवात झकास झाली. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं उरलेल्या देहाकडे. (हे कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.) शतवार्षिक युद्ध किती वर्षं चाललं? 1337 ते 1453, म्हणजे 116. "नावातच सोळा वर्षं खाल्ली," काका पुटपुटले. मी सावध व्हायला हवं होतं ते इथे. कॅनरी बेटांना नाव कोणत्या प्राण्यावरून पडलं? समोरच्यांनी पक्षी म्हणून सांगितलं आणि मी गालातल्या गालात हसले. कुत्र्यावरून! लॅटिनमध्ये कुत्र्याला 'कॅनिस' म्हणतात. पक्ष्यालाच उलट बेटांवरून नाव मिळालं.

मग भाच्याने वाचलं, "फ्रँकेन्स्टाईन या राक्षसाला कोणी बनवलं?"

"फ्रँकेन्स्टाईनने," मी म्हटलं.

आधी शांतता, मग हशा. आमच्याच संघातल्या नवऱ्याने अशा चेहऱ्याने छताकडे पाहिलं की जणू तो एकटाच आला होता.

"राक्षसाने स्वतःलाच बनवलं?" काका म्हणाले. "म्हणजे स्वयंभू?"

मी समजावलं. बनवणाऱ्याचं नाव व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन. तो डॉक्टरही नव्हे, विद्यार्थी. राक्षसाला पुस्तकात नावच नाही. भाच्याने कागद पालथा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "इथे उत्तर मेरी शेली आहे," तो म्हणाला.

"ती लेखिका! आणि प्रश्नच चुकलाय!"

"तुमचे दहा सेकंद संपलेत," काका म्हणाले. मग घड्याळ खाली ठेवून माझ्याकडे सरकले. "एक सांगा. हा व्हिक्टर, याने त्याला जन्माला घातलं ना?"

"एका अर्थी, हो."

"म्हणजे बाप."

"तसं धरलं तर…"

"आणि फ्रँकेन्स्टाईन हे बापाचं आडनाव."

"हो, पण…"

"मग मुलाचं आडनाव काय?"

मी तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. समोरच्या संघातल्या एकाने टाळी वाजवली.

"त्याने मुलाला आपलं मानलंच नाही," मी शेवटी म्हटलं. "त्याने डोळे उघडले तसा हा खोली सोडून पळाला!"

"बाप पळाला म्हणून आडनाव पळतं का?" काका म्हणाले. "आणि मघाशी तुम्हीच सांगितलंत. पक्ष्याला बेटाचं नाव चालतं, मग लेकराला बापाचं का चालत नाही?"

1518 साली स्ट्रासबर्गमध्ये लोक रस्त्यावर नाचत सुटले होते. थांबता थांबेनात. तेव्हा तिथल्या कारभाऱ्यांनी तोडगा काढला की नाचूनच ताप उतरेल, आणि वाजंत्री बोलावून चक्क मंच उभारून दिला. नाच वाढला. मला त्या कारभाऱ्यांना हसायचा हक्क नाही, कारण मीही तेच केलं. वाद चिघळला तसा मी त्याला आणखी पुरावा पाजला. म्हटलं, तो राक्षस स्वतःच वाचायला शिकतो, मिल्टन वाचतो, प्लुटार्क वाचतो. ("मग तुमच्या संघात घ्यायचा होता," नवरा म्हणाला. त्याच्याशी मी अजून नीट बोलत नाहीये.) म्हटलं, 1818 मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यावर लेखिकेचंसुद्धा नाव नव्हतं. आणि 1816 च्या उन्हाळ्यात ती लिहायला बसली तेव्हा अठरा वर्षांची होती, मेरी गॉडविन होती. शेली ती त्या डिसेंबरात, लग्नानंतर झाली.

"बघा!" काकांनी मांडीवर थाप मारली. "तिने नवऱ्याचं घेतलं, मग राक्षसाने बापाचं घेतलं तर बिघडलं कुठे? तुम्ही नाही बदललंत का आडनाव?"

"नाही."

"मग बरोबर आहे," ते अतिशय समजूतदारपणे म्हणाले, आणि सगळी खोली समजूतदारपणे हसली.

हे मात्र मला लागलं. चूक असते तर हसले असते मीही. पण बरोबर उत्तर द्यायचं, वर ते बरोबर का आहे हेही आपणच सिद्ध करायचं, आणि शेवटी विषय कुठून तरी आपल्या आडनावावर यायचा! भाच्याला कुणी काही विचारलं नाही. तो कागद हातात धरून पुढचा प्रश्न शोधत होता. कागदावर छापलेलं असलं की माणसाला किती सोपं जातं.

'क्विझ' हा शब्द इंग्रजीत आधी विक्षिप्त माणसासाठी वापरत, हे मला त्या क्षणी आठवलं. सांगितलं नाही. कुणाकडे बघून सांगायचं, हेच ठरेना.

आज सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. काका होते. नंबर नवऱ्याने दिला होता.

"ते पुस्तक मिळवलं," ते म्हणाले. आवाज जरा उतरलेला होता. "अर्धं झालं. खरंच हो, एवढं मोठं लेकरू, आणि शेवटपर्यंत नावच नाही ठेवलं त्याला?"

"नाही ठेवलं."

"अरेरे."

ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, हीच वेळ आहे.

"मग ते दहा गुण?"

"छे, छे," काका म्हणाले. "तेव्हा दहा सेकंद संपले होते."