एकच पगार, चार बँका

2015 साली इंग्लंडात सेव्हिंग अकाऊंटला कोणी विचारत नव्हतं. बँक ऑफ इंग्लंडचा (म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेचा) बेस रेट, ज्यावरून बाकी बँकांचे दर ठरतात, 2009 पासून 0.5 टक्क्यावर मुक्काम ठोकून होता, आणि गंमत म्हणजे खरं व्याज मिळत होतं ते करंट अकाऊंटवर! टीएसबी 2000 पौंडांपर्यंत 5 टक्के, नेशनवाइड 2500 पर्यंत 5 टक्के पण एकच वर्ष, सँटँडर 3000 च्या वर 20000 पर्यंत 3 टक्के, लॉइड्सचं क्लब अकाऊंट 4 टक्के. हे मी सांगलीला बाबांना फोनवर सांगितलं. बाबांची अख्खी नोकरी सहकारी बँकेत गेली. ते म्हणाले, "करंट अकाऊंटवर व्याज? रिझर्व्ह बँक देऊ देत नाही. तुला कोणीतरी फसवतंय."

फसवत कोणी नव्हतं, पण अटी होत्या. टीएसबीत महिन्याला 500 पौंड जमा झाले पाहिजेत, नेशनवाइडमध्ये 1000, सँटँडरला 500 आणि वर दोन डायरेक्ट डेबिट (म्हणजे खात्यातून आपोआप कापली जाणारी बिलं), लॉइड्सला 1500 आणि परत दोन डायरेक्ट डेबिट. आता माझा पगार एक. पण नियम नीट वाचले (मी वाचतो, बायको म्हणते तोच माझा आजार आहे) तर पैसे आत आले पाहिजेत एवढंच लिहिलंय, ते तिथे राहिले पाहिजेत असं कुठेच नाही. म्हणजे तेच पैसे सकाळी या बँकेत पगार, दुपारी त्या बँकेत पगार. हळदीकुंकवाचा ब्लाऊजपीस कसा सगळ्या सोसायटीत फिरतो, शिवत कोणीच नाही, तसं.

मग एक्सेल शीट केली. कुठल्या तारखेला कुठून कुठे किती, सगळ्या स्टँडिंग ऑर्डर (ठरल्या तारखेला आपोआप पैसे पाठवायची सूचना) लावून टाकल्या. एक तारीख रविवारी आली की ऑर्डर सोमवारी जाते, म्हणजे त्यानंतरचीही पुढे ढकलायची, नाहीतर मधल्याच एखाद्या खात्यात पैसेच नसतात आणि सगळी वरात तिथेच थांबते. शिवाय प्रत्येक बँकेचा पासवर्ड वेगळा, मेमोरेबल वर्ड वेगळा, आणि नेशनवाइडने तर कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं कार्ड रीडर दिलेलं, त्यातलं ते कुठलं आणि कॅल्क्युलेटर कुठला हे ड्रॉवर उघडल्यावर कळायचं नाही. फोनवर गेलात तर आईचं माहेरचं आडनाव इंग्रजीत स्पेलिंगसकट सांगा. आमच्या आजोळचं आडनाव टिळेकर. त्यातला 'ळ' त्या पोरीला ऐकवताना दोन्हीकडचा जीव जायचा.

डायरेक्ट डेबिट हे त्याहून मोठं दुखणं. वीज आणि ब्रॉडबँड सँटँडरला, मोबाइल लॉइड्सला अशी वाटणी झाली, तरी एक कमीच पडायचं. कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) होता, पण तो एप्रिल ते जानेवारी अशा दहाच हप्त्यांत जातो, फेब्रुवारी-मार्चमध्ये नाही. म्हणजे ते दोन महिने लॉइड्सचं व्याज बोंबललं! शेवटी जखमी, म्हाताऱ्या गाढवांना सांभाळणाऱ्या एका संस्थेला महिना 2 पौंडांचं डेबिट लावलं. दानधर्म झाला, व्याजही वाचलं. बायको म्हणाली, "अरे, गाढवांनाच का पण?" मी म्हटलं, त्यांचा फॉर्म सगळ्यात छोटा होता.

कमाईचा हिशोबही सांगतो, लोक तो सांगत नाहीत. 2000 वर 5 टक्के म्हणजे वर्षाला 100 पौंड, त्यातून बँक तेव्हा 20 टक्के टॅक्स आधीच कापून घ्यायची, उरले 80. महिन्याला साधारण साडेसहा. आणि ते साडेसहा खात्यात पडले की बॅलन्स 2000 च्या वर जातो, वरच्या पैशाला व्याज शून्य! म्हणून ते उचलून दुसरीकडे टाकायचे. "साडेसहा पौंड तिथे बिनव्याजी पडलेत" असं मी जेवताना म्हणालो तेव्हा बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून लक्षात आहे.

आणि मग एक दिवस एका बँकेच्या फ्रॉड डिपार्टमेंटचा फोन. दर महिन्याला मोठी रक्कम येते आणि त्याच दिवशी निघून जाते, सर, ह्या व्यवहाराचं कारण काय? मी म्हटलं, तुमची अट. तो म्हणे, कुठली? मी त्याला त्याच्याच बँकेच्या अटी वाचून दाखवल्या. थोडा वेळ होल्डवर ठेवलं, संगीत ऐकवलं, मग परत येऊन हळू आवाजात विचारलं, "बाकीच्या बँका कुठल्या आहेत?"

2016 च्या ऑगस्टात बेस रेट 0.25 झाला, नोव्हेंबरात सँटँडरने 3 चे दीड टक्के केले, त्या खात्याची महिन्याची फी तर जानेवारीपासूनच 2 ची 5 पौंड झालेली. नेशनवाइडचं वर्ष कधीच संपलं होतं. मी एकेक स्टँडिंग ऑर्डर बंद करत गेलो. पुढे 2023 मध्ये बेस रेट 5.25 झाला आणि साध्या सेव्हिंग अकाऊंटवरच बरं व्याज मिळायला लागलं, कुठे काही फिरवायला नको, फार कंटाळवाणं.

गाढवांचं डेबिट तेवढं चालू आहे. ते बंद करायला गेलो तर बायकोने लॅपटॉपच मिटला.