सार्क जनुक मूळचं कोंबडीचंच!

विषाणूंमुळे होणाऱ्या कर्करोगावरचा तुमचा लेख आवडला, पण कोंबडीतला राउस यांचा विषाणू आणि माणसातला एचपीव्ही या दोघांबद्दल लिहिलेलं 'विषाणू आपलं कर्करोगाचं जनुक पेशीत सोडतो' हे वाक्य अर्धंच खरं आहे. गंमत उलटी आहे. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात पेशी उरणं शक्यच नव्हतं. तरी तो टोचल्यावर निरोगी कोंबडीला गाठ आलीच, म्हणजे ती आणणारा विषाणू होता. (नोबेल मिळालं १९६६ मध्ये, तब्बल ५५ वर्षांनी. धीर असावा तर असा!) पुढे त्या विषाणूत गाठ आणणारं 'सार्क' (src) जनुक सापडलं, आणि १९७६ मध्ये बिशप व व्हार्मस या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवलं की तेच जनुक निरोगी पक्ष्यांच्या पेशींतही असतं. म्हणजे विषाणूनेच ते कधीतरी कोंबडीकडून उचललेलं. पेशीतल्या सार्क प्रथिनाच्या शेपटाला ब्रेक असतो. विषाणूच्या प्रतीत नेमका तो तुकडा गायब, त्यामुळे वाढीचा इशारा चालूच राहतो.

एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या विषाणूची, तऱ्हा निराळी. त्याने कुणाचं जनुक ढापलेलं नाही. स्वतःच्या प्रती काढायला त्याला पेशीची विभागणीची यंत्रणा चालू लागते, म्हणून त्याची ई६ आणि ई७ प्रथिनं पेशीची विभागणी आवरणाऱ्या पी५३ आणि आरबी या पहारेकरी प्रथिनांनाच निकामी करतात. गाठ हा त्यातला अपघात. दोघांना एकाच वाक्यात बसवलंत, तिथे माझ्या मते गल्लत झाली. आणि हीला पेशींचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींचा) उल्लेख राहिलाच! त्यांच्यात आजही एचपीव्हीच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराची ई६ आणि ई७ ही दोन जनुकं चालू असतात. ती बंद पाडली की त्या पेशींचं विभाजन थांबतं.