साध्या खोकल्यासाठी मुलाला परत पाठवलं, या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या पाळणाघराला तुम्ही अभिप्रायात एकच तारा दिलात आणि कारणही स्पष्ट लिहिलंत. मुलाला साधा खोकला असताना आम्ही दुपारी फोन करून त्याला घेऊन जायला सांगितलं, आणि त्याच वर्गातलं दुसरं मूल पंधरा दिवस खोकतंय, त्याला मात्र कोणी काही बोलत नाही. ऐनवेळी ऑफिसातून निघणं किती जड जातं याची मला कल्पना आहे. पण नियम आमच्या मर्जीवर चालतात, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही.

दुसऱ्या मुलाला काय झालंय हे मी इथे सांगणार नाही. उद्या तुमच्या मुलाबद्दल कोणी विचारलं तरी सांगणार नाही. सर्वसाधारण गोष्ट मात्र सांगते. सर्दी बरी झाली तरी खोकला मागे रेंगाळतो, दोन-तीन आठवडे सहज, कधी त्याहून थोडा जास्त. या वयात वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच. दर वेळी खोकला पार थांबेपर्यंत घरी ठेवायचं म्हटलं तर अर्धं वर्ष घरातच जाईल. शिवाय सर्दीची लागण सगळ्यात जास्त होते ती पहिल्या काही दिवसांत. त्यामुळे जे मूल खेळतंय, जेवतंय, ज्याला ताप नाही, ते अधूनमधून खोकलं तरी आम्ही बसू देतो. नाक हिरवं वाहतंय एवढ्यावरूनही कोणाला परत पाठवत नाही. (यावरून उलट बाजूच्या तक्रारीही येतात, त्या वेगळ्या.)

आता तुमच्या मुलाबद्दल, तेही तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढंच. सकाळी अंग कोमट लागलं म्हणून पॅरासिटामॉल देऊन पाठवलं, असं तुम्ही म्हणता. खरा प्रश्न खोकल्याचा नाही, इथे आहे. त्या औषधाचा असर चार ते सहा तास टिकतो. सकाळी दारात मूल हसत येतं, आणि जेवणाच्या सुमारास ताप पुन्हा चढतो. मग ते खेळणं टाकून सतरंजीवर आडवं होतं, डबा उघडून समोर ठेवला तरी तोंड फिरवतं. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की आम्ही फोन करतो. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच परत घेतो. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या पत्रकात हे लिहिलेलं आहे. अर्ध्या दिवसाची फी परत मिळत नाही, हेही त्यातच आहे.

खोकल्यासाठी म्हणूनही आम्ही घरी पाठवतो, पण तो खोकला वेगळा असतो. आमच्या ताई शर्ट वर करून मूल शांत बसलेलं असताना मिनिटभर श्वास मोजतात. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त भरले, पोट उडायला लागलं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, की घरी नको, थेट डॉक्टरांकडे न्या म्हणून सांगतो. उबळीवर उबळ येऊन शेवटी उलटी होत असेल तर डांग्या खोकल्याची शंका घ्यावी लागते. तो निघाला तर अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत मूल घरीच हवं, औषध घेतलं नसेल तर खोकला सुरू झाल्यापासून तीन आठवडे. शेजारच्या खोलीत लसीचे डोस अजून पूर्ण न झालेली तान्ही बाळं असतात. मोठ्या मुलाला जे त्रासाचं, ते त्यांच्या जिवावर बेतू शकतं. इथे मी कोणाच्याही रजेचा विचार करत नाही, स्पष्टच सांगते.

पुढच्या वेळी सकाळी ठरत नसेल तर एवढंच बघा: रात्री झोपला का, नेहमीसारखं खाल्लं का, औषध न देता अंग गार आहे का. तरीही पाठवू की नको वाटलं तर घरून निघण्याआधी फोन करा, मी स्वतः बोलेन. दुपारी बोलावण्यापेक्षा तेव्हाच ठरलेलं तुम्हालाही सोयीचं पडेल.

आणि आता औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप आला नसेल तर त्याला उद्या नक्की पाठवा. थोडा खोकला असला तरी चालेल.