लाल स्लायडर शंभरवर नेला, आणि समुद्र जांभळा झाला

दिवाळीची सुट्टी संपून मालवणला गेलेली मंडळी घरी परतली, की एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरायला लागतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने टाकला. मजकूर ऐसपैस आहे, सार एवढंच: पाण्याखालचे फोटो निळे-हिरवे येतात कारण कॅमेरा स्वस्तातला असतो. मोबाइलवरची फुकट ॲप म्हणजे खेळणी, खरं काम फोटोशॉपमध्येच होतं. तिथे लाल रंगाचा स्लायडर शंभरवर न्या, डोळ्यांना दिसलं होतं तसं चित्र परत येईल. रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याने न दाबता ठेवलेल्या मूळ नोंदीच्या) भानगडीत पडू नका, ती धंदेवाल्यांसाठी. आणि एवढाही कंटाळा असेल तर फोटो एआयला द्या, एका टचमध्ये काम फत्ते.

दादाचा हेतू चांगलाच आहे. पण त्या मेसेजवर विसंबून माझ्या भाचीने एका संध्याकाळी चाळीस फोटोंची वाट लावली, म्हणून हे लिहिणं आलं.

आधी कॅमेरा. भाची सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळपास पाच-सहा मीटर खाली उतरली होती. जाण्यापूर्वी हौसेने लालभडक नेलपॉलिश लावलेलं. फोटोत नखं आली चॉकलेटी. यात कॅमेऱ्याच्या किमतीचा काही संबंध नाही. पाणी सगळ्यात आधी लाल प्रकाश शोषतं, मग नारिंगी, मग पिवळा. लाल रंगाचा बहुतेक भाग पहिल्या पाच-सहा मीटरांतच संपतो. शिवाय हिशेब नुसत्या खोलीचा नसतो. प्रकाश पृष्ठभागापासून सहा मीटर खाली नखापर्यंत आला आणि नखावरून दोन मीटर आडवा कॅमेऱ्यापर्यंत गेला, तर तो आठ मीटर पाणी तुडवून आलेला असतो. लाखाचा कॅमेरा नेला तरी तो लाल रंग कुठून आणणार? महागड्या कॅमेऱ्यांचे फोटो रंगीत दिसतात ते सोबतच्या फ्लॅशमुळे. तो प्रकाश हातभर अंतरावरून जातो आणि तेवढ्याच अंतरावरून परत येतो, वाटेत त्याचा लाल भाग फारसा खर्ची पडत नाही.

म्हणून फुकटातली सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे जवळ जाणं. ती कुठल्याच सॉफ्टवेअरच्या यादीत नसते. आणि मालवणच्या पाण्यात मोबाइल पाऊचमध्ये घालून नेणार असाल तर त्याचा फ्लॅश बंद ठेवा. तो लेन्सला अगदी चिकटून असल्यामुळे मधला गाळच उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. दहा ठिपके नंतर पुसता येतात, हजार नाही. आमचा होडीवाला उतरण्याआधीच म्हणाला होता, "पाणी आज गढूळ आसा." त्याचं ऐकून दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर मला या लेखाला निम्मा मजकूर कमी पडला असता.

आता तो स्लायडर. मेसेजमधला सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला 0 ते 255 असे आकडे असतात. समजा भाचीच्या गालावर निळा 150 आहे आणि लाल 20. लाल ओढून 150 वर न्यायचा म्हणजे वीस पायऱ्यांचा जिना ताणून दीडशे पायऱ्यांच्या उंचीला लावायचा. मधल्या पायऱ्या आणायच्या कुठून? मग गालावर गुलाबी चट्टे पडतात, सावल्यांत लाल कण वळवळायला लागतात, आणि मागचं पाणी, ज्यात लाल असायचं काही कारणच नव्हतं, ते जांभळं होतं. भाचीचे चाळीसच्या चाळीस फोटो असे जांभळे झाले. वहिनी म्हणाली, "ही समुद्रात गेली होती की रंगपंचमीला?"

आणि "डोळ्यांना दिसलं होतं तसं" हे तर मुळातच गडबडलेलं वाक्य आहे. डोळ्यांनाही तिथे लाल दिसत नव्हता. मेंदू थोडं सांभाळून घेतो, निळेपणाला सरावतो, म्हणून वर आल्यावर आठवण फोटोपेक्षा रंगीत असते, एवढंच. वीस मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं, हे पाणबुड्यांना चांगलं ठाऊक असतं. तेव्हा आपण जे करतो ते "परत आणणं" नव्हे. जवळच्या वस्तूवरून पाण्याचा पडदा थोडा बाजूला सारतो, तेवढंच.

थोडा, आणि जवळच्या वस्तूवरून. सॉफ्टवेअर निवडताना हे दोन शब्द धरून बसा, कारण "खेळणी विरुद्ध फोटोशॉप" हा वाद त्यातच मिटतो. नवख्याला तीन हत्यारं लागतात. पहिलं, व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर: फोटोतल्या पांढऱ्या किंवा करड्या जागी टेकवला की ॲप तिला बेरंग धरून बाकीचे रंग हलवतं. दुसरं, लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे वेगवेगळे कर्व्ह, म्हणजे तो रंग कमी-जास्त करायला वर-खाली ओढायच्या रेघा. तिसरं, केलेला बदल फोटोच्या एकाच भागाला लावायची सोय. मूळ फोटोला धक्का लागू नये हे वेगळं सांगायला नको.

ही तिन्ही स्नॅपसीडमध्ये आहेत. ॲप गुगलचं आहे, फुकट आहे, दादा ज्याला खेळणं म्हणतो त्यातलंच. भाचीबरोबर बसून एक फोटो असा केला: व्हाइट बॅलन्स उघडलं, ड्रॉपर आधी तिच्या मागच्या इन्स्ट्रक्टरच्या सिलिंडरवर टेकवला. चुकलं. सिलिंडर पिवळा होता, समुद्र आणखी निळाशार झाला. मग तिच्याच बेल्टच्या करड्या बकलवर टेकवला. चेहरा एकदम माणसाचा झाला, पण मागचं पाणी मातकट. पाणी मातकट होणारच होतं, कारण ते दूर आहे, त्याला ही दुरुस्ती लागूच नाही. मग केलेल्या बदलांची यादी उघडली, व्हाइट बॅलन्सच्या पायरीवर ब्रश निवडला आणि तो फक्त तिच्या अंगावरून फिरवला. भाची रंगात, पाणी हिरवं. शेवटी लाल कर्व्ह मधोमध धरून जेमतेम वर उचलला. सगळा मिळून सात-आठ मिनिटांचा मामला.

ड्रॉपर कुठे टेकवायचा याचा नियम एकच: ज्याचे रंग सुधारायचेत त्याच्याइतक्याच अंतरावरच्या करड्या गोष्टीवर. मागच्या वाळूवर टेकवलात तर चेहरा भाजल्यासारखा लाल होतो.

लाइटरूमचं मोबाइल ॲपही नवख्याला सोपं जातं. साधे रंग-उजेड फुकटात बदलता येतात, पण रॉ फाइल आणि मास्किंग (बदल फोटोच्या एकाच भागाला लावणं) यांसाठी पैसे मोजावे लागतात. कॉम्प्युटरवर बसणार असाल तर रॉथेरपी आणि डार्कटेबल ही दोन्ही पूर्ण फुकट आहेत. मात्र डार्कटेबल मी नवख्याच्या हाती देणार नाही. ते सगळं करतं, पण कुठून करतं हे सापडेपर्यंत पुढची दिवाळी येते.

फोटोशॉपला माझा विरोध नाही. ऑफिसात असेलच तर जरूर वापरा, फक्त त्यातला कॅमेरा रॉ हा भाग उघडा, आपल्या कामाची बटणं तिथे एकत्र मिळतात. पण 2013 पासून फोटोशॉपवाल्या अडोबीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणं थांबवून भाडेपट्टा सुरू केला. वर्षातून एकदा तारकर्लीला जाणाऱ्याने चाळीस फोटोंसाठी भाडं भरत बसणं म्हणजे लग्नात एकदा घालायच्या शेरवानीसाठी शिंपी नोकरीला ठेवणं.

मेसेजच्या शेपटाला कुणीतरी "अंडरवॉटर प्रीसेट"ची, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या स्लायडरांच्या संचाची लिंकही जोडली होती. अंदमानच्या निळ्या पाण्यासाठी बनवलेला प्रीसेट मालवणच्या फोटोंना लावू नका. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती आणि गाळ असतो, म्हणून ते हिरवं दिसतं. निळ्या पाण्यात टेंपरेचरचा स्लायडर उबेकडे, म्हणजे पिवळ्याकडे न्यायचा असतो, हिरव्यात टिंटचा स्लायडर हिरव्याकडून किरमिजीकडे सरकवावा लागतो. हे दोन वेगळे स्लायडर आहेत. लेन्सवर लावायचे फिल्टरही याच कारणाने दोन प्रकारचे मिळतात, निळ्या पाण्याला लाल आणि हिरव्याला किरमिजी.

रॉ फाइल फक्त व्यावसायिकांसाठी, हे तर उलटंच आहे. ज्याच्या हातून चुका जास्त व्हायच्यात त्यालाच रॉ जास्त लागते. मघाचा जिना आठवा: जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, 12 बिटच्या रॉमध्ये 4096. लाल ताणायचाच असेल तर ताणायला तिथे काहीतरी शिल्लक असतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये डीएनजी नावाची रॉ फाइल मिळते, गोप्रोच्या हिरो 5 ब्लॅकपासून रॉ फोटोची सोय आहे, आणि स्नॅपसीड डीएनजी उघडतं.

पण खरी अडचण वेगळीच असते, आणि तिच्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. मालवणला आपण पाण्यात जातो, कॅमेरा बहुधा आपला नसतो. इन्स्ट्रक्टर गोप्रोवर व्हिडिओ काढतो आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाठवतो. व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करतं. शिवाय अशा बहुतेक व्हिडिओंत रंगाची नोंद उजेडाच्या नोंदीच्या चौथाईच असते, त्यात लाल आधीच अर्धमेला. त्यातून एक फ्रेम उचलायची आणि म्हणायचं ॲप बेकार आहे! त्यापेक्षा किनाऱ्यावरच सांगा: "दादा, दोन-चार फोटो पण काढा, आणि मूळ फाइल द्या." मेमरी कार्डवरून थेट मोबाइलवर घेता आली तर उत्तम, नाहीतर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागा, ती न दाबता येते. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी सुचलं, तोवर त्यांनी कार्ड बरंचसं पुसलं होतं. बारा फोटो तेवढे मूळ अवस्थेत मिळाले.

राहिलं एआय. साधी "ऑटो" बटणं बऱ्याचदा असं गृहीत धरतात की सगळ्या फोटोची सरासरी करडी असायला हवी. समुद्राच्या फोटोची सरासरी निळी किंवा हिरवीच असते, म्हणून ते बटण समुद्रच धुऊन काढतं. गणिताने नीट उत्तर काढण्याचं काम झालेलं आहे. डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्राइबित्झ या दोघींनी 2019 मध्ये सी-थ्रू नावाची पद्धत मांडली. पण तिला फोटोतला प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे ते कळावं लागतं, आणि त्यासाठी एकाच जागेचे अनेक फोटो लागतात. पाण्यावर खरं उत्तर काढायचं तर एवढी माहिती लागते. एका टचवाल्या ॲपकडे ती नसते, म्हणून ते अंदाज करतं, आणि चित्र नव्याने घडवणारं असेल तर सरळ रचून टाकतं.

भाचीच्या एका फोटोत तिच्या हाताशी पिवळसर पाठीचा, काळ्या पट्ट्यांचा मासा आहे, सार्जंट मेजर. त्याला उभे पाच पट्टे असतात. दादाने हौसेने तो फोटो अशाच एका ॲपला दिला. नखं लालचुटूक झाली, पाणी मालदीवसारखं झालं आणि माशाला सहावा पट्टा फुटला. मी ग्रुपवर लिहिलं, पट्टे मोजा. कुणी मोजले नाहीत. आत्याने सहा पट्ट्यांचाच फोटो डीपीला लावला आहे.