मुदत कलमावर ठरते

‘जर्मनीत गुन्हा कधी शिळा होत नाही, आपल्याकडेच तीन वर्षांत फाइल बंद.’ एखादी बाई जुन्या अत्याचाराबद्दल बोलली की भारतातल्या चर्चेत हे वाक्य येतंच. इथे जर्मनीत बसून ते वाचताना डोकं उठतं, कारण खरी गोष्ट जवळपास उलटी आहे.

इथे खुनाचा खटला भरायला मुदत नाही, तीही १९७९ पासून. नाझींनी केलेले खून मुदतीत बुडतील या भीतीने संसद वर्षानुवर्षं भांडली, तेव्हा कुठे ती गेली. बाकी जवळपास सगळ्याला फेअर्‌येरुंग (म्हणजे अशी मुदत) आहेच: फसवून पैसे उकळले तर पाच वर्षं, राहत्या घरात घरफोडी दहा, मारहाण किंवा धमकी देऊन केलेला बलात्कार वीस. भारतात या तिन्हींना मुदत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा त्या कायद्याचं, कलम ५१४ बघा. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, वर्षापर्यंतच्या कैदेला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला तीन वर्षं. त्यापुढे काही नाही. पासपोर्ट बदलला तरी ‘आपला कायदा’ म्हणताना मनात भारताचाच येतो, आणि त्याला फुकट नावं ठेवलेली सोसत नाहीत.

मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यात पीडिताला तीस पूर्ण होईपर्यंत इथे घड्याळ थांबवून ठेवतात. ते भारताने घ्यावं, जरूर.

आपल्याकडे घोडं अडतं ते ठाण्यात. बाईला कुणी नको असताना हात लावला. गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७५, लैंगिक छळ, एवढंच लागलं तर कैद तीन वर्षांपर्यंत, म्हणून मुदतही तीनच. त्याच हकिगतीवर ७४, विनयभंग, लागलं तर कैद पाच वर्षांपर्यंत आणि मुदतीचा प्रश्नच मिटला. जबाबात कोणता शब्द उतरला, यावर इतकं ठरतं.

दुसरी गफलत तारखेची. मुदतीसाठी गुन्हा नोंदवल्याची किंवा दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल केल्याची तारीख धरतात. ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली म्हणजे गुन्हा नोंदला असं नव्हे. लोक ‘चौकशी चालू आहे’ ऐकत बसतात आणि वर्षं निघून जातात. नोंद होत नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरी हललं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ खाली खाजगी फिर्याद करा. आरोपी कोण हे उशिरा कळलं असेल तर मोजणी कळल्या दिवसापासून. तो भारताबाहेर असेल तर तेवढा काळ वगळतात.

आणि मुदत उलटलीच, तर त्याच संहितेचं कलम ५१९ आहे: उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरज दिसली तर कोर्ट तरीही दखल घेऊ शकतं. इथे जर्मनीत हे दार नाही. मुदत संपली की संपली.