थर्मोस्टॅट काढल्याने ॲव्हरेज वाढत नाही, उलट घटतं

‘जुनी गाडी लवकर स्टार्ट होत नाही? ॲव्हरेज पडलंय? गॅरेजला जाऊ नका, घरीच हे सात उपाय करा.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. माझ्याकडेही तीन-चारदा आला आणि दरवेळी मी तो पुसून टाकला. गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. “अरे, त्यात लिहिलंय तसं सगळं केलं. थर्मोस्टॅटसुद्धा काढून टाकला. तरी गाडी आधीपेक्षा जास्त पेट्रोल पितेय.” तेव्हा वाटलं, हे पुसून भागणार नाही, उत्तर लिहायलाच हवं.

मेसेजमधले उपाय असे: थर्मोस्टॅट काढा, पेट्रोलच्या टाकीत डांबरगोळ्या टाका, पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधा, स्टार्ट करण्याआधी ॲक्सिलरेटर पाच वेळा दाबा, एअर फिल्टर बदला म्हणजे ॲव्हरेज तीस टक्के वाढेल, उतारावर इंजिन बंद करा, टायरमध्ये हवा नीट ठेवा. सातपैकी एक बरोबर, दोन अर्धवट खरे, बाकी चार नुकसान करणारे किंवा निरुपयोगी.

सगळ्यात आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप), कारण तो सल्ला मेसेजपुरता नाही, अनुभवी मेकॅनिकसुद्धा देतात. ‘इंजिन थंड राहिलं की पेट्रोल कमी लागतं’ असं त्याचं कारण दिलंय. हे साफ उलटं आहे. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. सिलिंडरच्या थंड भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून फ्युएल इंजेक्शनच्या (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीतला कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिन गरम होईपर्यंत मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन तापलं की तो मिश्रण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल या प्रमाणाजवळ आणतो. इंजिन तापलं की नाही, हे त्याला कूलंटच्या टेंपरेचर सेन्सरवरून कळतं. थर्मोस्टॅटच नसेल तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं, मोकळ्या रस्त्यावर इंजिन तापतच नाही आणि कंट्रोल युनिट तासभर ‘गाडी अजून थंड आहे’ असं समजून पेट्रोल ओतत राहतो.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, त्यातलं पाणी उडून जात नाही, गाळ साचतो आणि पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला दुसरी तबकडी असते. इंजिन तापल्यावर ती बायपासची वाट बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला तर बायपास कायम उघडा राहतो, कूलंटचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच परत फिरतो आणि गर्दीच्या रस्त्यावर गाडी चक्क जास्त तापते.

एवढं मान्य करतो की थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, गाडी उकळायला लागली आणि आपण मधल्या रस्त्यात अडकलो, तर तो काढून कशीबशी घरी पोचण्याची सोय काही गाड्यांत होते. पण घरी पोचल्यावर नवा बसवायचा, कायमचा काढून ठेवायचा नाही.

मामांनी काढलेला थर्मोस्टॅट नशिबाने जपून ठेवला होता. त्यावर 82 असा आकडा कोरलेला. आम्ही पातेल्यात पाणी तापायला ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून मधोमध सोडला, तळाला टेकू दिला नाही आणि शेजारी थर्मामीटर धरला. पाणी 80 अंशांवर गेलं तरी तबकडी गच्च मिटलेली. 82 ओलांडलं आणि कडेने केसाएवढी फट दिसली. 95 च्या आसपास ती पेन्सिलच्या जाडीइतकी उघडली. गॅस बंद केला, पाणी निवत गेलं तशी ती परत मिटली. म्हणजे मामांनी ठणठणीत पार्ट काढून ठेवला होता. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते. काढायचाही नसेल तर थंड गाडी स्टार्ट करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला पंख्यापासून जपून हात लावा. काही मिनिटं तो थंड राहून मग एकदम गरम झाला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा मुळात नाहीच.

डांबरगोळ्या. ही गोष्ट अजून चालते याचा मला खरोखर राग येतो. पूर्वी पेट्रोलचा ऑक्टेन (वेळेआधी आपोआप न भडकण्याची क्षमता) फारच कमी असायचा, त्या काळात या गोळ्यांतल्या नॅप्थॅलिनचा थोडा उपयोग होत असेल. आजच्या पेट्रोलला त्याची गरज नाही. नॅप्थॅलिन 80 अंशांना वितळतं. पेट्रोलमध्ये ते विरघळतं खरं, पण पेट्रोल उडून गेलं की मागे परत घन होतं, आणि इंजेक्टरची भोकं तर बारीक असतात. शिवाय त्याची वाफ विषारी आहे. मामांच्या टाकीत सहा गोळ्या पडल्या होत्या, ते सगळं पेट्रोल काढून टाकावं लागलं.

चुंबकाबद्दल शब्द वाया घालवत नाही. पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. ॲव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ करणारं त्यात काही सापडलं नाही.

एअर फिल्टरचा मुद्दा अर्धा खरा आहे. गाडी कार्बोरेटरची (इंजेक्शनच्या आधीच्या, जुन्या पद्धतीची) असेल तर तुंबलेला फिल्टर मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार तो बदलल्यावर 2 ते 6 टक्के फरक पडतो. पण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत किती हवा आत गेली हे मोजूनच पेट्रोल सोडलं जातं. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये अशा गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून चाचण्या घेतल्या. पिकअप कमी झाला, ॲव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही. त्यामुळे फिल्टर जरूर बदला, पण तीस टक्क्यांची वाट बघू नका. एवढा मोठा फरक पडतो तो दुसरीकडे. ऊर्जा खातंच सांगतं की ऑक्सिजन सेन्सर बिघडल्यासारखा गंभीर दोष दुरुस्त केला, तर ॲव्हरेज 40 टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं. म्हणून आधी दोष शोधायचा, मग पार्ट बदलायचा.

उतारावर इंजिन बंद करण्याचा सल्ला ज्याने लिहिला त्याने ब्रेकचा विचार केलेला नाही. इंजिन बंद पडलं की ब्रेक बूस्टरचा (पेडल हलकं करणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. चावी जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. आणि वाचत तर काहीच नाही, कारण इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोल आपोआप बंद होतं. टायरच्या हवेचं मात्र बरोबर. कमी हवेने ॲव्हरेज सरासरी 0.6 टक्के आणि काही वेळा 3 टक्क्यांपर्यंत पडतं.

राहिला ॲक्सिलरेटर पाच वेळा दाबण्याचा उपाय. कार्बोरेटरच्या गाडीत थंड इंजिनाला हे ठीक होतं, दर दाबाला पंप पेट्रोलची पिचकारी मारायचा. इंजेक्शनच्या गाडीत चावी न फिरवता पेडल दाबून एक थेंबही पडत नाही. उलट बहुतेक गाड्यांत पेडल तळापर्यंत दाबून सेल्फ मारला तर कंट्रोल युनिट इंजेक्टर बंद करतो, म्हणजे आत साचलेलं जास्तीचं पेट्रोल निघून जावं. मामा फोनवर म्हणाले होते, “पूर्ण दाबून धरलं की होते बघ चालू.” त्या एका वाक्याने मला दिशा मिळाली. गाडीला पेट्रोल कमी पडत नव्हतं, आत जास्त होत होतं.

अशा तक्रारीत पहिला प्रश्न हाच विचारायचा: त्रास थंड गाडीला होतो की गरम? सकाळी थंड गाडी लवकर घेत नसेल, तर चावी ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा, दोन-तीनदा असं करून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतंय. सेल्फ मारताना बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी बघा. टेंपरेचर सेन्सरचा रेझिस्टन्स थंड असताना दोन-तीन हजार ओहम आणि 80 अंशांना तीनशेच्या आसपास असतो. तो आतून तुटला असेल तर कंट्रोल युनिटला इंजिन कायम बर्फासारखं थंड वाटू शकतं.

मामांची गाडी सकाळी चटकन घ्यायची. अडायची ती चालवून पंधरा-वीस मिनिटं उभी केल्यावर. प्लग काढले, चारही कोरड्या काजळीने काळे. मग फ्युएल रेलवरच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरच्या) प्रेशर रेग्युलेटरचा बारीक व्हॅक्यूम पाइप उपसला. तो आतून कोरडा असायला हवा. त्याच्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब लोंबत होता. आतला पडदा फाटलेला. गाडी चालू असताना मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळी) त्या पाइपातून कच्चं पेट्रोल ओढत होतं, आणि बंद केल्यावर रेलमधलं तीन बारचं प्रेशर तिथूनच पेट्रोल आत ढकलत होतं. ॲव्हरेज आणि स्टार्टिंग, दोन्ही मूळ तक्रारी त्या फाटक्या पडद्याच्या. सातपैकी एकही उपाय त्याच्या जवळपास जात नाही.

रेग्युलेटर बदलला, थर्मोस्टॅट नव्या गास्किटसह परत बसवला. ऑइलची डिपस्टिक काढली तर पातळी खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास, म्हणून ऑइल आणि फिल्टरही बदलले. मामा आता दर वेळी टाकी काठोकाठ भरून किलोमीटर वहीत लिहितात. मागच्या तीन टाक्यांचं ॲव्हरेज लिटरला 13 च्या आसपास आलंय. थर्मोस्टॅट काढलेला होता त्या टाकीसमोर वहीत 8 लिहिलेलं आहे.